दोराला लागलेला नववा हात

बाबलदादा,

नववा माणूस दोराला हात लावू शकतो की नाही, हा आपला वाद तू अर्ध्यावर टाकून गेलास. हे काही बरं केलं नाहीस. सहा वर्षं आपण तो घोळवला. किनाऱ्यावर, कॉलेजच्या पायरीवर, एकदा तर तुझ्या मेव्हण्याच्या लग्नात, पंगतीतल्या वाढप्याला ताटकळत ठेवून. मी तर्कशास्त्राचा प्राध्यापक आणि तू रापणीचा तांडेल, पण एकदाही मला तुला गप्प करता आलं नाही. आता अठरा दिवस झाले, तू एकदम गप्प आहेस, आणि जिंकल्यासारखं मला मुळीच वाटत नाही.

पण आज मी वाद घालायला बसलेलो नाही. मी तुझ्याशी एकदा खोटं बोललो होतो, ते निस्तरायचं राहून गेलं. तुझ्याबद्दल एक वाक्य मी कॉलेजच्या वार्षिकात छापलं आणि तुला मात्र दुसरंच वाचून दाखवलं. तो अंक तू घरी नेलास आणि ट्रंकेत जपून ठेवलास. काय छापलं होतं ते आधी सांगून मोकळा होतो.

नाही, आधी बाकीचं सांगतो. तेवढा धीर अजून झालेला नाही.

आपली पहिली गाठ आठवते? राज्य नवं, कॉलेजही नवं. भाड्याच्या घरात चार वर्ग आणि पाऊणशे मुलं. मी सगळ्यांत तरुण आणि बिनलग्नाचा, म्हणून जिमखाना माझ्या गळ्यात मारलेला. जिमखाना म्हणजे दोन फुटबॉल, त्यातला एक फुसका, एक कॅरम बोर्ड आणि एक दोर. त्या सकाळी माझ्या तासाला मागचे दोन्ही बाक रिकामे. शिपाई म्हणाला, "सगळे रापणीर गेले, सर." मी हजेरीपट काखेत मारला आणि तडक किनारा गाठला. मसुऱ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा मी, भाताच्या खाचरात वाढलो. रापण लांबूनच काय ती पाहिलेली. होडी जाळं टाकत समुद्रात अर्धा फेरा मारते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्हीकडे वीस-पंचवीस माणसं ते ओढत ओढत मागे सरतात. त्यांच्या मधे तू, त्या सगळ्यांचा म्होरक्या तांडेल, उभा होतास. उघडा, काळाकभिन्न, आणि आवाज असा की लाटेनं थांबून ऐकावं.

"कोण तुमी?"

"मी कॉलेजात प्राध्यापक आहे. ही मुलं माझ्या वर्गातली आहेत."

"मगे बरा झाला. हजेरी हयच घेवा, सगळे आसत."

आणि मी खरंच घेतली! माझाही स्वभाव काही कमी नाही. मुलं दोर न सोडता "हजर सर" म्हणत होती. घेऊन झाल्यावर तू म्हणालास, "आता दोराक हात लावा."

"मला नाही जमायचं."

"जमाचा नाय ता दिसताच हा. तरी लावा."

मी लावला नाही. पॉलिश केलेल्या बुटांत वाळू भरून घेत दोन तास नुसता उभा राहिलो. जाळं आलं, बांगड्यांचा ढीग पडला, वाटे झाले. ज्याचा हात दोराला लागला त्याला वाटा, हा तुमचा रिवाज. एका म्हातारीनं नावाला दोर धरला होता, तिला मिळाला. टपाल वाटायला निघालेला पोस्टमन वाटेत थांबून घटकाभर ओढून गेला होता, त्याचाही बाजूला काढून ठेवलात. कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "तेंका वाटो नाय. तेंनी हात लावूक नाय." मी तणतणत खोलीवर गेलो. बांगडे तेवढे मोठे मी नंतर कधी पाहिले नाहीत.

पण तणतणतानाही एक गोष्ट डोक्यातून जाईना. वर्गात पेंगणारी ती पोरं दोर ओढताना एक शब्द न बोलता एकाच वेळी मागे झुकत होती. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचं पत्रक माझ्या टेबलावर पडलेलं होतं आणि त्यात रस्सीखेच होती. दुसऱ्या दिवशी मी जिमखान्यातला दोर घेऊन तुझ्याकडे आलो. तू तो बोटांत फिरवून पाहिलास. "ह्या दोरान बकरी बांधतत, मास्तरानू," म्हणालास, आणि स्वतःचा जुना दोर काढून दिलास. मला वाटलं होतं तू ताकद वाढवायला लावशील, जोर-बैठका काढून घेशील. तू त्यांना गुडघाभर पाण्यात उभं केलंस.

"लाट इली की ओढूचा, लाट परतली की नुसता धरून रवाचा. समोरचो दमता तेव्हा तेचो दोर सैल येता. तीच लाट. वाट बघूक शिका रे, ओढूक काय गाढवाकपण येता!"

तीन महिने ती आठ पोरं पहाटे पाण्यात आणि मग माझ्या तासाला ओल्या चड्ड्यांनी बाकावर. मी काही बोललो नाही, कारण आता ती निदान जागी असायची.

घाटावरच्या त्या शहरात आपण गेलो तेव्हा आपल्या पोरांना पाहून लोक गालात हसले. एकही धड अंगापिंडाचा नाही. पहिल्या खेचीला समोरच्यांना वाटलं गंमत आहे, दुसरीला त्यांचे डोळे पांढरे झाले. एकामागून एक तीन संघ पडले. तू बाजूला उभा राहून फक्त "रवा… रवा… आता!" एवढंच म्हणत होतास. अंतिम सामन्याला पैलवानांचं एक कॉलेज आलं. त्यांच्या मानाच असल्या की आपल्या दोन पोरांचे गळे मिळून त्यांची एक मान. पहिली खेच त्यांची, दुसरी आपली. तिसऱ्या खेचीला शेवटच्या माणसाचा, आपल्या यशवंताचा पाय लाल मातीत निसटला. दोर पुढे सरकू लागला. यशवंत आडवा पडला.

आणि तू झेप घेतलीस. दोराच्या शेपटाला तुझा हात लागला, पाठोपाठ पोरं सावरली आणि तो पैलवानांचा संघ अख्खाच्या अख्खा रेषेच्या अलीकडे आला. मैदान गरजलं. मग पंचाची शिट्टी वाजली आणि आपण बाद झालो.

मार्गदर्शकानं दोराला हात लावायचा नसतो, हे मी तुला दहादा सांगितलं होतं. तू दहादा मान डोलावली होतीस. "माका काय कळाक नाय, मास्तरानू. दोर समोर होतो, पोरगो पडलो, हात गेलो." एवढंच तू म्हणालास. एस.टी. स्टँडवर, पोरांच्या देखत, मी तुला म्हणालो, "तुझ्यासारख्या अडाण्याला बरोबर आणलं, इथंच माझं चुकलं." यशवंत रडायचा थांबून माझ्याकडे बघत राहिला.  मग घाट उतरताना मला बस लागली. खिडकीतून बाहेर वाकलेलं माझं डोकं तू तीन वळणं दोन्ही हातांनी धरून बसलास, आणि पिशवीतलं लिंबू काढून माझ्या नाकाशी धरलंस.

एवढं होऊनही माझा राग उतरला नाही. माझं नाव जाणार होतं ना! प्राचार्यांनी वृत्तांत मागितला आणि मी लिहिला. आता सांगतोच. वार्षिकात, जिमखान्याच्या पानावर, असं छापलं आहे : "अंतिम सामन्यात मार्गदर्शकांच्या अज्ञानमूलक व नियमबाह्य हस्तक्षेपामुळे आपला संघ बाद ठरविण्यात आला, ही अत्यंत खेदाची गोष्ट होय." तीन महिने पाण्यात उभा राहिलास त्याबद्दल एक अक्षर नाही. 'अज्ञानमूलक' हा शब्द सुचल्यावर मी खूश झालो होतो, हेही सांगून टाकतो.

अंक निघाला आणि चार दिवसांनी तू कॉलेजच्या पायरीशी आलास. धुतलेला सदरा घालून. "माजा नाव छापून इला म्हणतत. वाचून दाखवा." तुझं नावसुद्धा त्यात नव्हतं, दादा. नुसतंच 'मार्गदर्शक'. मी पान उघडलं, तुझ्याकडे पाहिलं, आणि तोंडाला येईल ते वाचत सुटलो : "या संघाला श्री. बाबल तांडेल यांनी समुद्रावर घडवलं. असा मार्गदर्शक दुसऱ्या कुठल्याही कॉलेजाला लाभलेला नाही."

तू डोळे मिटून ऐकलंस. "आणि एकदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"मघाशी 'समुद्रावर' वाचलात. आता 'किनाऱ्यावर' खंयसून इला?"

"ओळ चुकली," मी म्हणालो.

"आसात, आसात," म्हणत तू माझ्या हातून अंक घेतलास, सदऱ्याच्या आत घातलास आणि गेलास. 

सांगायला हवं होतं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर तू चार शिव्या घातल्या असत्यास आणि विषय मिटला असता. पण जसजसे दिवस गेले तसतसं ते अवघड होत गेलं, कारण तू पोरांना शिकवणं सोडलंच नाहीस. दर वर्षी नवी आठ, तेच पाणी, तेच "रवा… रवा…". दोन वर्षांनी ढाल आली. सत्काराला हार माझ्या गळ्यात पडला आणि तू मागे, दाराशी उभा राहून सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या वाजवल्यास. मी तुला व्यासपीठावर बोलवायला हवं होतं. ते मनात आलं होतं, आणि मी हार सावरत बसलो.

त्याऐवजी आपण वाद घालायचो. तोच.

"आठ म्हणजे आठच? आणि नववो काय हात बांधून बघत रवतलो?"

"नियम आहे तो. दोन्ही बाजूंना सारखा."

"मगे तेंचो नववोपण येवंदे. मी खंय नको म्हणतंय?"

"मग दहावा येईल, अकरावा येईल. अख्खं गाव येईल!"

"येवंदे. दोर लांब आसा."

ह्यावर तर्कशास्त्रात उत्तर नाही. मी पुष्कळ पुस्तकं चाळली. तुला खोटं कशाला सांगू, आणखी एकदा, पण मला तुझ्या त्या उडीचा राग येईनासा झाला होता. पडणाऱ्याच्या हातातला दोर धरताना आपल्याकडे कुणी कुणाला विचारत नाही. तू किनाऱ्यावर जन्मलास, तिथंच वाढलास. पंचाच्या शिट्टीपेक्षा तुझ्या हाताची सवय जुनी होती. एवढं सांगायला मला सहा वर्षं पुरली नाहीत.

यंदा प्राचार्यांनी ठरवलं की कॉलेजचं नाव राखणारे खेळाडू आणि त्यांचे मार्गदर्शक यांचा स्नेहसंमेलनात सत्कार करायचा, त्यांच्या नावांचा फलक दर्शनी भिंतीवर लावायचा. मी यादीत तुझं नाव पहिलं लिहिलं. प्राचार्यांनी कपाटातून जुना अंक काढला आणि पान माझ्यासमोर ठेवलं. "हे तुम्हीच लिहिलंय. छापील आहे. उद्या कुणी बोट ठेवलं तर मी काय सांगू?" माझीच लेखणी माझ्यासमोर आडवी आली. भांडेन, दोन दिवसांनी नीट तयारी करून भांडेन, असं म्हणत मी घरी आलो. ते दोन दिवस तू दिले नाहीस.

तुझ्या घरी यायला मला बारावा उलटून जावा लागला. ओटीवर वहिनी होती, नववीतली तुझी शालन होती. माणसं येऊन गेलेली, घर शांत. शालननं ट्रंकेतून अंक आणून माझ्यासमोर ठेवला. तुझ्या उपरण्यात गुंडाळलेला. मला वाटलं, आता ही वाचायला सांगणार.  मी म्हटलं, "शालन, ह्यात जे आहे ते मी तुझ्या बाबांना वाचून दाखवलेलं नाही."

"ठाऊक आसा, सर."

"तू वाचलंस?"

"चौथीत होतंय तेव्हाच. बाबान माका दोनदा वाचूक लावल्यान."

 मी विचारलं, "काय म्हणाला?"

"अंक उपरण्यात गुंडाळल्यान. मगे म्हणालो, मास्तरान तोंडान सांगल्यान ता खरा. ह्या लिवलेला हापिसाचा." आणि आईकडे एकवार बघून ती पुढे म्हणाली, "म्हणालो, मास्तराक सांगू नको हां. तेका वायट वाटात."

पाच वर्षं, दादा! पाच वर्षं तू माझ्याशी रोज भांडलास, माझा चहा प्यालास, माझ्या लग्नात होडीभर माणसं घेऊन आलास, आणि मला एकदाही कळू दिलं नाहीस. मी तुझ्यापासून लपवत होतो आणि तू मला सांभाळत होतास. दर दिवाळीला शालनला समोर बसवून तू ते माझं तोंडी वाक्य म्हणवून घ्यायचास म्हणे. तिनं मला म्हणून दाखवलं, 'समुद्रावर' सकट, अगदी माझ्या घशातल्या आवाजात. माझं चुकलं. अडाणी म्हणालो ते चुकलं, छापलं ते चुकलं, आणि सर्वांत जास्त चुकलं ते गप्प बसलो ते. मला माफ कर. तू केलीच आहेस हे आता मला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडानं मागायची राहिली होती.

तिथून मी सरळ प्राचार्यांच्या घरी गेलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं.  शिस्तीचा माणूस, वाटलं आता मलाच जिमखान्यावरून काढतात. म्हणाले, "छापील चूक छापूनच दुरुस्त होते. अंक छापखान्यात जायचाय. चार पानं तुम्हाला देतो." तीच ही पानं. फलकावर मार्गदर्शक म्हणून एकच नाव असेल. माझं मी स्वतः खोडलं आहे, आणि खोडताना हात जराही जड झाला नाही.

तुला आवडेल अशी बातमी देतो. यशवंत आता जामसंड्याला शाळेत मास्तर आहे. तो सुट्टी पडली की येतो आणि पोरांना पाण्यात उभं करतो. तुझ्यासारखं ओरडायला त्याला जमत नाही, पण वाट पाहायला शिकवतो. आणि शालननं मला विचारलं, "दोन वर्षांनी मी कॉलेजात येतलंय. तेव्हा चेडवांका दोर ओढूक देशात?" मी म्हटलं, मुलींसाठी तसा नियम अजून कुठं दिसत नाही. ती म्हणाली, "मगे करा." मला एकदम तू समोर बसल्यासारखा वाटलास. ह्या पोरीशी वाद घालायला मला आत्तापासून तयारी करावी लागणार.

काल हे सगळं लिहून झाल्यावर तुझ्या घरी नेलं आणि दोघींना वाचून दाखवलं. वहिनी चुलीपुढून उठली नाही, पण फुंकणी बाजूला ठेवून ऐकत होती. संपल्यावर शालन म्हणाली, "सगळा बरोबर आसा. पण पाटलोण लिवलात नाय."

"कसली पाटलोण?"

"तुमची. बाबान सांगलेली."

मी गाळलं होतं खरं. मी म्हटलं, हे दुःखाचं लिखाण आहे, त्यात ते शोभणार नाही.

"शोभात. ता नाय तर बाबा कसो?"

तर लिहितो. घाटावर जाताना कॉलेजचा मार्गदर्शक कमरेच्या पंच्यात दिसू नये, म्हणून मी माझी दिवाळीला शिवलेली नवी करडी पाटलोण तुला घालायला दिली होती. तू दोर धरून पाय रोवलेस आणि ती मागून वरपासून खालपर्यंत फाटली. पंच शिट्टी फुंकत होता, पोरं एकमेकांवर पडली होती, सगळं मैदान पोट धरून हसत होतं, आणि तू त्या फाटक्या पाटलोणीत लाल मातीत बसून मला विचारत होतास, "मास्तरानू, जिंकलाव मा?" मला त्या वेळी फक्त बाद झाल्याचं दिसलं. तुला वाटत होतं की आपण जिंकलो. तुझा तो आनंद मी एस.टी. स्टँडवर जाईपर्यंतसुद्धा टिकू दिला नाही.

हे मी तिथंच बसून लिहिलं आणि वाचलं. पाटलोणीपाशी शालन फिसकन हसली. मग मला आवरेना. चुलीकडून आवाज आला म्हणून पाहिलं, तर वहिनी भिंतीला टेकून हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती.

"ह्या सगळ्यांसमोर वाचतलास?" तिनं विचारलं.

"संमेलनात वाचणार, वहिनी," मी म्हटलं. "छापणार आहे तसंच."